सहा दिवसांच्या शिबिरात कला आणि निसर्ग कसा शिकवायचा? माझं उत्तर: एकच वही

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलंय, दोन वर्षं शाळेत चित्रकला शिकवताय, आणि या १२ ते १७ मेला पहिल्यांदाच निवासी शिबिरात कला, हस्तकला आणि निसर्ग असं सगळं घ्यायचंय. मुलं पुण्याची, ९ ते १४ वयाची, तीस जण. जागा जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात. आयोजकांनी रोज दोन तास क्राफ्ट आणि एक तास निसर्गफेरी असं टाइमटेबल दिलंय आणि तुम्ही यादी केलीये: मंडला, बॅग पेंटिंग, वारली कोस्टर, रेझिनचं कीचेन, ओरिगामी, पक्षीनिरीक्षण. यात काय ठेवू, काय काढू, आणि सामान काय नेऊ, असा प्रश्न आहे.

मी बावीस वर्षं उन्हाळी शिबिरं घेतेय, त्यातली निम्म्याहून जास्त याच पट्ट्यात, त्यामुळे जरा मोठं लिहिणार आहे, सवडीने वाचा.

पहिलं म्हणजे यादीतल्या बहुतेक गोष्टी काढा. त्या वाईट आहेत असं नाही, पण मंडला आणि बॅग पेंटिंग मुलं पुण्यात सोसायटीच्या हॉलमध्येही करतात, त्यासाठी त्यांना शंभर किलोमीटर लांब डोंगरात आणायची गरज काय? रेझिन तर मुलांच्या हातात देऊच नका, ते ओलं असताना त्याचा वास आणि त्वचेला होणारा त्रास दोन्ही नको, एकदा अ‍ॅलर्जी बसली की पुढे आयुष्यभर त्रास देऊ शकते. वारलीबद्दल खाली वेगळं लिहिते.

दुसरं, क्राफ्टचा तास वेगळा आणि निसर्गाचा तास वेगळा हे मोडा. आयोजकांशी बोला, ते ऐकतात. माझी पहिली तीन-चार वर्षं अशीच गेली, सहा दिवसांत चौदा वस्तू करून घेतल्या, प्रत्येक मुलाची पिशवी भरून गेली, पालक खूश, आणि शेवटच्या दिवशी बस निघताना मी एका मुलीला विचारलं की आपण रोज ज्या झाडाखाली बसायचो ते कसलं झाड होतं, तर तिला ते झाडच आठवेना. ती माझी चूक होती. मी तिला सहा दिवस खाली मान घालून चिकटवायला लावलं होतं.

तेव्हापासून माझ्या शिबिरात एकच वस्तू बनते, ती म्हणजे वही. पहिल्या दिवशी मुलं स्वतः वही शिवतात, मग त्या वहीत जे काही जातं ते सगळं त्या जागेवरचं. शाई तिथे बनवलेली, कोळसा तिथे भाजलेला, छापे तिथल्या पानांचे, नोंदी तिथल्या पक्ष्यांच्या. सहा दिवसांत वही भरते आणि तीच घरी जाते.

वही शिवायला साधारण दीड तास धरा. बारा जाड कागद मधोमध दुमडायचे, घडीवर दाभणाने पाच भोकं पाडायची, जाड दोरा मधल्या भोकातून सुरू करून परत मधल्याच भोकात आणून गाठ मारायची. कव्हरला जुनं कॅलेंडर किंवा लग्नपत्रिकांचा जाड कागद चालतो. दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या म्हणजे गुंतत नाही. नऊ वर्षांच्या मुलांसाठी भोकं तुम्ही आधी पाडून ठेवा, मोठ्यांना दाभण द्या पण खाली लाकडी फळी असू द्या. काहींची शिवण वाकडी येईल, येऊ दे, दुरुस्त करून देऊ नका, ती वही त्याची आहे.

आता शाई. तुमची जागा हिरड्याच्या पट्ट्यात आहे हे तुमचं नशीब समजा. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकणं ही तिथल्या महादेव कोळी घरांची महत्त्वाची रोख कमाई आहे, त्यामुळे हिरडा झाडावरून ओरबाडू नका, गावातूनच पाव किलो विकत घ्या, आणि विकणाऱ्या मावशींना अर्धा तास मुलांशी बोलायला बोलवा. हिरडा कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, सकाळी उकळून निम्मं पाणी करायचं, फडक्याने गाळायचं, चहासारखा पिवळट तपकिरी काढा मिळतो. दुसरीकडे गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस ठेवलेलं पाणी लागतं, हे मात्र तुम्ही पुण्यातूनच करून न्या, शिबिरात तेवढा वेळ नसतो. बाटलीचं झाकण सैल ठेवा, आत गॅस होतो.

मग मुलांना गोल बसवा, मध्ये पांढऱ्या वाटीत काढा ठेवा आणि सगळ्यात लहान मुलाच्या हातात ड्रॉपर द्या. लोखंडाच्या पाण्याचा पहिला थेंब पडला की त्या तपकिरी काढ्यात काळा धूर सोडल्यासारखा पसरतो आणि चमच्याने ढवळेपर्यंत सगळी वाटी काळी. मी हे शेकडो वेळा बघितलंय तरी दर वेळी मी पण वाकून बघते. त्यानंतर कारण सांगा, आधी नको: हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, असतं, ते लोखंडाशी जुळलं की काळा रंग तयार होतो, आणि कागदावर हवा लागून तो अजून गडद होत जातो. मोठ्या मुलांना सांगा की लोखंडी कढईत चिंच-आवळ्याचं काही केलं की काळं पडतं त्यामागेही लोखंडच आहे, मग घरी आईला विचारायला त्यांच्याकडे एक प्रश्न असतो. शाई पसरत असेल तर बाभळीचा डिंक भिजवून चमचाभर घाला. लिहायला बोरू करा, बांबूची पेन्सिलएवढी काडी तिरकी कापून टोकाला छोटी चीर द्यायची, कापायचं काम तुमचं किंवा तेराच्या पुढच्या मुलांचं, तेही एकावेळी एकाने आणि तुम्ही शेजारी बसून.

कोळसा. नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागा आहेत आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात, जाताना बागायतदाराला विचारून एक मोळी घ्या, कोणी नाही म्हणत नाही. चित्रकारांचा कोळसा द्राक्षाच्या वेलीचाच चांगला समजतात, मऊ आणि एकसारखा काळा उमटतो. काड्या बोटभर लांब तोडायच्या, साल सोलायची (मुलांना हे काम फार आवडतं, तासभर शांत बसतात), पत्र्याच्या डब्यात उभ्या गच्च भरायच्या, घट्ट झाकण, झाकणाला खिळ्याने एकच भोक. डबा निखाऱ्यात ठेवायचा. आधी भोकातून पांढरी वाफ येते, मग पिवळट धूर, आणि धूर थांबला की झालं, साधारण तास-दीड तास. डबा त्याच रात्री उघडू नका! गरम असताना आत हवा गेली की काड्या पेटतात आणि राख होते. सकाळपर्यंत थांबायचं. ते थांबणंच महत्त्वाचं आहे, मुलं सकाळी दात न घासता डब्याभोवती जमलेली असतात.

मे महिन्याचं ऊन तुम्हाला अडचण वाटत असेल पण त्याच्यावरच एक छान गोष्ट होते. स्वयंपाकघरातली हळद दोन चमचे घेऊन त्यात सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट घालायचं, गाळून ते पिवळं पाणी सावलीत कागदावर ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं. त्यावर पान ठेवायचं, वर काच, आणि कडक उन्हात दोन-तीन तास. उघडा भाग उडून फिका होतो, पानाखालचा पिवळाच राहतो. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फवारलं की राहिलेला पिवळा विटकरी लाल होतो आणि पानाची आकृती लख्ख दिसते. करवंदाचं, आपट्याचं, नेच्याचं पान छान उमटतं, आंब्याच्या पानाचा नुसता ठोकळा येतो. हा छापा उघडा ठेवला तर उडून जातो, वहीत बंद ठेवला तर बराच टिकतो, म्हणून पण वही. स्पिरिट मात्र तुमच्याच ताब्यात ठेवा आणि चुलीजवळ नेऊ नका.

याच आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते, तो चुकवू नका. पुण्यात तो १३-१४ मेला असतो, मुंबईत १५-१६ला, जुन्नर त्याच्याही जरा उत्तरेला म्हणून १६-१७ मे धरा, वेळ दुपारी साडेबाराच्या आसपास. एक मीटरची सरळ काठी रोवायची, सरळ आहे की नाही बघायला दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करायचा, आणि पहिल्या दिवसापासून रोज साडेबाराला सावली कागदावर मारायची. १२ तारखेला ती उत्तरेकडे जेमतेम दोन सेंटिमीटर पडेल, मग रोज आखडत जाईल. रोज एकच रेघ काढायची, पाच मिनिटांचं काम, डोक्यावर टोपी असू द्या आणि लगेच सावलीत परत.

आता निसर्गफेरीबद्दल. सकाळी साडेसहाला निघा आणि नऊच्या आत परत या, नंतर ना पक्षी दिसतात ना मुलांना चालवतं. पंचवीस झाडांची नावं सांगत फिरू नका. मुलाला नाव कळलं की त्याचं बघणं थांबतं, हा माझा अनुभव आहे, म्हणून मी नाव सगळ्यात शेवटी सांगते आणि कधीकधी सांगतच नाही, गावातल्या आजींना विचारून या म्हणते. मोबाइलवरचं पक्षी ओळखायचं अ‍ॅप पण मी वापरते, पण आवाज ऐकून, तो वहीत रेघांनी काढून झाल्यावर. तांबटाचा टुक-टुक म्हणजे एकसारखे ठिपके, पावशाचा पेरते-व्हा म्हणजे चढत जाणारी रेघ, कोकीळ म्हणजे उड्या मारत वर जाणाऱ्या कमानी. मुलं आपापल्या खुणा शोधून काढतात. कोकिळा गाते असं सगळ्यांना वाटत असतं, गाणारा नर असतो आणि तो काळा, मादी तपकिरी ठिपक्यांची, हे मात्र आवर्जून सांगा.

रोज वीस मिनिटं प्रत्येक मुलाची एक ठरलेली जागा. सहा दिवस तीच. एकमेकांपासून दहा पावलं लांब, पण सगळी तुमच्या नजरेत. पहिल्या दिवशी चुळबूळ होते, मुंग्या चावल्याच्या तक्रारी येतात, दुसऱ्या दिवशी कंटाळा, तिसऱ्या दिवसापासून मुलं तुम्हाला ओढून नेऊन काहीतरी दाखवायला लागतात. म्हणून मध्येच बदलू नका.

चित्र येत नाही म्हणणारी मुलं तीसमध्ये वीस तरी असतात. त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट: डाव्या हातात पान धरायचं, उजव्या हातात पेन्सिल, आणि कागदाकडे अजिबात न बघता, फक्त पानाच्या कडेवरून नजर मुंगीच्या वेगाने फिरवत रेघ काढायची. चित्र कुणाचंच धड येत नाही त्यामुळे लाज जाते. दोन वर्षांपूर्वी अकरा वर्षांचा एक मुलगा होता, तीन दिवस पेन्सिल हातात घ्यायला तयार नव्हता, म्हणाला शाळेत माझ्या चित्राला हसतात. त्याला मी हिरड्याचं पान दिलं आणि शेजारी बसले. तो देठापाशी आला आणि थांबला, म्हणाला, "ताई, ह्याला पिंपल आलेत, दोन." खरंच, हिरड्याच्या देठाच्या वरच्या टोकाला, पान सुरू होतं तिथे, दोन बारीक फुगवटे असतात, ग्रंथी आहेत त्या, आणि हिरडा ओळखायची ती चांगली खूण आहे. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. त्या दिवशी दुपारभर तो भिंग घेऊन प्रत्येक झाडाचे देठ तपासत हिंडला, आणि वहीत एक पान नुसतं देठांचं भरवलं, खाली हिरड्याच्या शाईने लिहिलं, 'पिंपलवाली पानं, पिंपल नसलेली पानं'. भिंगं म्हणूनच न्या, दहापट मोठं दाखवणारी, पाच जणांत एक तरी.

वारली. कोस्टरवर त्रिकोणाची माणसं काढणं सोपं आहे म्हणून सगळेच घेतात, मला ते पटत नाही. ही डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली लोकांची कला, मुळात लग्नाच्या घरात भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीची चौकोनी आकृती, लिहायच्या, त्याच्यात पालघट देवी असते, त्याला अर्थ आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती रोजच्या जगण्याची चित्रं काढत जगभर नेली, २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. घ्यायचीच असेल तर त्या भागातला एखादा कलाकार मानधन देऊन बोलवा. नाहीतर ज्या गावात आहात तिथलं बघा. कुंभार असेल तर त्याच्याकडे न्या, तो मातीत राख आणि लीद का मिसळतो, माती पायाने किती वेळ मळतो हे मुलांना बघू दे, चाकावर हात लावू दे. बुरूड असेल तर बांबू कसा सोलतो ते. त्या माणसाला तुमच्याइतकंच मानधन आणि बसायला तुमच्याइतकीच खुर्ची. मुलांनी त्याला सर म्हणायचं, हे मी आधी सांगून ठेवते.

सुरक्षेचं जरा सविस्तर, इथे हयगय नको. चपला नाही, बूट, आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे, कारण उन्हाळ्यात विंचू निघतात. दगड उलटून बघायचा असेल तर काठीने, आणि स्वतःच्या विरुद्ध दिशेला उघडायचा. जमिनीवर गाद्या असतील तर मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा, मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कळतही नाही. जाण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात फोन करून सापाची लस आहे का हे स्वतः विचारा, आयोजकांवर सोडू नका, आणि रात्री गाडी व ड्रायव्हर तिथेच मुक्कामी हवा. हा बिबट्याचा तालुका आहे, घाबरवायची गरज नाही पण अंधार पडल्यावर एकही मूल एकटं बाहेर जाणार नाही, संडासलासुद्धा मोठं माणूस आणि टॉर्च बरोबर. आग्या मोहोळ असलेल्या झाडाच्या किंवा कड्याच्या जवळपास धूर नाही, आरडाओरडा नाही. वळवाचा पाऊस दुपारी अचानक येतो, विजा दिसल्या की झाडाखालून उठून पक्क्या इमारतीत.

आणि झाडांचं. गुंजेच्या लाल-काळ्या बिया क्राफ्टला इतक्या सुंदर दिसतात की हात जातोच, पण त्या भयंकर विषारी आहेत, माळ करायला भोक पाडू तर अजिबात नका. मोगली एरंडाच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात आणि दवाखान्यात जातात, दरवर्षी कुठे ना कुठे होतं. कण्हेर, धोतरा, रुईचा चीक डोळ्यात, बिब्ब्याचा रस अंगावर, खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा. या सात गोष्टी पहिल्या संध्याकाळी मुलांना प्रत्यक्ष लांबून दाखवा किंवा फोटो दाखवा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांची चित्रं काढून घ्या. करवंदं मात्र मनसोक्त खाऊ द्या, मोठ्या माणसाने बघितल्यावर.

गोळा करायचा नियम एकच, जमिनीवर पडलेलं. काटेसावरीचा कापूस, बहाव्याच्या शेंगा, वाळकी पानं चालतील. घरटं रिकामं दिसलं तरी उचलायचं नाही, अंडी तर लांबच, वन्यजीव कायदा आहे हे मुलांना सांगा. छाप्यासाठी ताजं पान लागतं तेव्हा एका झाडाचं एका मुलाला एकच.

शेवटच्या दिवशी पालक येणार असतील तर टेबलावर प्रदर्शन मांडू नका, त्यासाठी आदल्या दिवशी मोठी माणसं रात्र जागून मुलांची कामं नीटनेटकी करत बसतात आणि मुलांना ते कळतं. त्याऐवजी प्रत्येक मूल आपल्या पालकांना आपल्या जागेवर घेऊन जाईल, वही उघडेल आणि पंधरा मिनिटं दाखवेल. पालकांना फक्त एवढं सांगा की 'छान काढलंयस' म्हणू नका, 'हे कुठे दिसलं?' असं विचारा.

सामान: जाड कागद तीस वह्यांचा अधिक पाच जादा, दाभणं सहा, दोरा, मेणबत्त्या, खिळ्याचं व्हिनेगर एक लिटर, हळद अर्धा किलो, खायचा सोडा, काचा दहा (कडा घासून आणा किंवा टेप लावा), पत्र्याचे डबे तीन, भिंगं सहा, ओआरएसची पाकिटं भरपूर. थर्माकोल, ग्लिटर, ग्लू गन काही नको. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा वेगळा गट करा आणि आठ मुलांमागे एक मोठं माणूस मागून घ्या, तीस मुलांना तुम्ही एकट्या पुरणार नाही, हे आयोजकांना आजच कळवा. आणि खिळे व्हिनेगरमध्ये ६ मेपर्यंत टाकाच, तेवढं विसरू नका.